साताऱ्याहून तासगावला गाडी नेताना: अपघात टाळणाऱ्या सवयी, दारातून दारापर्यंत

गेली अकरा वर्षं जवळजवळ दर शनिवारी मी साताऱ्याहून तासगावला गाडी घेऊन जातो. नोकरी साताऱ्यात, आई-वडील तासगावात. शेंद्रे, उंब्रज, कराड, तिथून महामार्ग सोडून पलूसमार्गे घर. ओळखीचा रस्ता आहे, पण दर महिन्याला तो वेगळाच भेटतो. दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या, आषाढात दिंड्या, श्रावणात पाऊस, आणि शेंद्रे ते कागल सहापदरीकरण सुरू झाल्यापासून आज इथं तर उद्या तिथं वळवलेली वाहतूक.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीला लायसन्स मिळालं. क्लास संपला तरी तिची भीती गेली नव्हती, म्हणून तीन महिने मी तिच्या शेजारी बसलो. "काका, ब्रेक कधी मारायचा ते कसं कळतं?" असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. त्यावर बराच विचार केला. ब्रेक मारायची वेळ ही खरं तर त्याच्या कितीतरी आधी ठरलेली असते, पुढं मोकळी जागा किती ठेवली होती त्यावर. टायर, झोप, पाऊस, घाट यांतलं काहीही घ्या, शेवटी प्रश्न एवढाच उरतो की थांबायला जागा शिल्लक आहे का. तिला जे जे सांगितलं, ते प्रवासाच्या क्रमानं इथं मांडतो.

निघण्याआधी: टायरपाशी बसा

गाडीभोवती एक फेरी मारा. दिवे लागतात का, काच स्वच्छ आहे का, खाली तेलाचा डाग पडलाय का, हे एका मिनिटात कळतं. खरा वेळ टायरला द्या, कारण आख्खी गाडी रस्त्याला टेकते ती प्रत्येक चाकाखालच्या तळहाताएवढ्या जागेवर.

हवा टायर थंड असतानाच तपासायची. दहा-वीस किलोमीटर चालवून पंपावर गेलात तर टायर तापलेला असतो आणि काटा खऱ्यापेक्षा जास्त हवा दाखवतो. किती हवा भरायची तो आकडा चालकाच्या दाराजवळच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. पंपावरचा पोरगा "पस्तीस टाकू का?" म्हणतो आणि आपण मान हलवतो, तसं करू नका. भरल्या गाडीसाठी त्या स्टिकरवर बहुधा वेगळा आकडा असतो. घरचे पाच जण आणि डिकीत तांदळाचं पोतं असेल तर तो पाळा. हवा कमी असलेला टायर वेगात जास्त दुमडतो, आतून तापतो आणि उन्हाळ्यात भर महामार्गावर फुटतो.

मग खाचा बघा. टायरच्या मुख्य खाचांमध्ये तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजत झिजत त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की खाच १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं. कायद्यानं तीच शेवटची हद्द आहे. पण आपल्याकडच्या पावसाचा विचार केला तर तिथवर थांबू नका. ३ मिलिमीटर उरले की मृगाच्या आधी टायर बदलून घ्यावेत असं मी मानतो, आणि या एका खर्चात मी कधी काटकसर करत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३२२ असेल तर तो टायर २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. गाडी कमी चालली म्हणून खाचा चांगल्या दिसतात, पण रबर वयानं कडक होतं आणि बाजूला बारीक भेगा पडतात. त्या दिसल्या की टायर बदला. स्टेपनीही याच नजरेनं बघा. वर्षानुवर्षं तिच्याकडं कुणी बघत नाही.

बसायचं कसं

पुतणी स्टिअरिंगला छाती लावून बसायची. बहुतेक नवशिके तसेच बसतात, कारण जवळून रस्ता जास्त दिसतो असं वाटतं. पाठ सीटला पूर्ण टेकवा. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात सरळ पुढं केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. छाती आणि स्टिअरिंग यांत निदान एक वीत, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या आसपास जागा हवी. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि फार जोरात फुगते. त्याहून जवळ बसलं तर तीच इजा करते. डोकं टेकायची उशी मानेमागं नको, डोक्यामागं हवी. मागून धडक बसली की मान वाचवते ती हीच उशी.

पट्टा सगळ्यांनी लावायचा, मागे बसणाऱ्यांनीही. कायदाही तेच सांगतो आणि न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. महागडी गाडी, एअरबॅग, सगळं असून. मागं पट्ट्याविना बसलेला माणूस धडकेत पुढच्या सीटवर येऊन आदळतो आणि पुढच्याचाही जीव घेऊ शकतो. आमच्या आईला पट्टा पोटावर रुतायचा म्हणून ती लावत नसे. पट्टा पोटावरून न घेता खाली मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर बसवला, तेव्हापासून तिची तक्रार नाही. लहान मुलाला पुढं मांडीवर कधीही घेऊ नका. धडकेच्या क्षणी मूल हातात धरून ठेवणं कुणाच्याच ताकदीतलं नसतं. मागच्या सीटवर, त्याच्या वयाच्या खास सीटमध्ये बसवा.

आरसे लावताना एक युक्ती करा. डोकं उजव्या काचेला टेकवा आणि उजवा आरसा असा फिरवा की आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल. मग डोकं गाडीच्या मध्यभागी आणा आणि डावा आरसा तसाच लावा. आता सरळ बसल्यावर आरशात आपलीच गाडी दिसणार नाही, त्याऐवजी शेजारचा रस्ता दिसेल. सुरुवातीला चुकल्यासारखं वाटतं, दोन दिवसांत सवय होते. तरीही थोडा कोपरा आरशात येतच नाही. लेन बदलण्याआधी मान वळवून खांद्यावरून एकदा बघावंच लागतं.

पुढच्या गाडीपासून अंतर

सगळ्या सवयींतली एकच कुणी विचारली तर मी हीच सांगेन.

धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी आहे त्याच वेगानं पुढं जात असते. ताशी ६० च्या वेगात हे अंतर २५ मीटर होतं, ८० ला ३३ आणि १०० ला ४२ मीटर. त्यानंतर ब्रेक लागतो. कोरडा चांगला रस्ता आणि चांगले टायर धरले तर ६० ला आणखी सुमारे २० मीटर, ८० ला ३६, १०० ला ५६ मीटर लागतात. बेरीज करा. ६० ला ४५ मीटर, ८० ला जवळपास ७०, आणि १०० ला १०० मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ कबड्डीची आठ मैदानं एकापुढं एक ठेवावीत एवढं. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढतं.

गाडी चालवताना कुणी मीटर मोजत बसत नाही, म्हणून सेकंद मोजा. पुढची गाडी एखादा खांब, झाड किंवा पुलाचा कठडा ओलांडेल तेव्हा "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" असं सावकाश म्हणा. तीन म्हणून व्हायच्या आत आपण त्याच खांबाशी पोचलो तर फार जवळ आहोत. पाय उचला. पावसात सहापर्यंत मोजा. पुतणीनं पहिले पंधरा दिवस हे मोठ्यानं म्हटलं. आता ती म्हणत नाही, पण तिची गाडी आपोआप तेवढी मागं राहते.

यावर सगळे एकच सांगतात: अंतर ठेवलं की मधे कुणीतरी घुसतं. घुसतंच. कराडच्या मलकापूरपाशी तर नक्की घुसतं. तो घुसला की पाय थोडा उचलायचा आणि पुन्हा तीन सेकंद करायचे. मी एकदा मनातल्या मनात हिशोब केला. सातारा ते कराड असे दहा जण घुसले, तरी प्रत्येकामागं दोन-तीन सेकंदच जातात. घरी पोचायला अर्धा मिनिट उशीर. त्यासाठी पुढच्याच्या बंपरला चिकटून जाण्यात काय मिळतं?

मागून कुणी चिकटला, अप्पर (दिव्याचा लांबचा झोत) मारू लागला, तर त्याला धडा शिकवायला ब्रेक दाबू नका. उलट पुढचं अंतर आणखी वाढवा. मागचा जवळ आहे म्हणजे आपल्याला अचानक थांबता येणार नाही, हळूहळूच थांबावं लागेल, आणि त्यासाठी पुढं जागा जास्त हवी. जागा मिळाली की डावीकडं होऊन त्याला जाऊ द्या.

मोठ्या ट्रकमागं असाल तर त्याचे आरसे शोधा. ट्रकचा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर त्याच्या चालकाला तुम्ही दिसत नाही. मागं सरका, नाहीतर पुढं निघून जा, शेजारी रेंगाळू नका.

उसाचा हंगाम

सातारा-सांगलीत नोव्हेंबर ते मार्चपर्यंत रस्त्यावर ट्रॅक्टर असतो, त्यामागं एक नाही तर दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉल्यांच्या बाहेर हात-दोन हात आलेला ऊस. बैलगाड्या आणि अंगद (ट्रॅक्टरला जोडलेल्या छोट्या गाड्या) वेगळ्याच. दिवसा त्या दिसतात, रात्री घात होतो. मागचा दिवा बंद, रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्यांनी, म्हणजे हिरव्या शेंड्यांनी, झाकलेला. ट्रॅक्टर ताशी २० नं चाललेला आणि आपण ८० नं. आपल्या दृष्टीनं ती ट्रॉली ताशी ६० च्या वेगानं अंगावर येत असते. ४५ मीटरवर दिसली तरी हातात तीन सेकंदही नसतात.

चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, रात्री नवाच्या सुमारास पलूसच्या अलीकडं होतो. चाकाखाली काहीतरी टक् करून मोडलं. थोडं पुढं आणखी एकदा. उसाच्या कांड्या होत्या, पण त्याचा अर्थ तेव्हा डोक्यात आला नाही. समोरून एसटी येत होती म्हणून मी डिपर दिला, म्हणजे दिव्याचा झोत खाली घेतला, त्या क्षणी समोर नुसता काळोख झाला. एसटी शेजारून गेली आणि माझ्या दिव्याच्या उजेडात हिरवी पात हलताना दिसली. ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी थांबली तेव्हा उसाचं वाढं बॉनेटवर घासत होतं, आणि ट्रॉली तशीच संथ पुढं निघाली होती. ट्रॅक्टरवाल्याला मागं काय झालं याचा पत्ताच नव्हता. माझा वेग तेव्हा पन्नाशीत होता. सत्तर असता तर हे लिहायला मी नसतो.

पुढच्या चहाच्या टपरीवर तो थांबला, मीही थांबलो. रागानं उतरलो होतो. विशी-बाविशीचा पोरगा निघाला, डोळे तांबारलेले. म्हणाला, "दादा, मागचा दिवा सकाळीच फुटला. खेपा सोडून गॅरेजला कवा जाऊ?" राग तिथंच विरला. टपरीवाल्याकडून सायकलची लाल चकती मागून घेतली, आम्ही दोघांनी ती तारेनं मागच्या फळीला बांधली. तेव्हापासून माझ्या डिकीत लाल रिफ्लेक्टर पट्टीची गुंडाळी असते. आतापर्यंत कितीतरी ट्रॉल्यांना ती चिकटवून दिली. कुणी नको म्हणालं नाही.

या पट्ट्यात गाडी चालवताना इतकं पाळा. रस्त्यावर ताजी कांडी किंवा वाढं पडलेलं दिसलं की पुढं ट्रॉली आहे असं धरा आणि वेग उतरवा. समोरच्या दिव्यामुळं डोळे दिपले तर त्याच्याकडं न बघता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडं बघा. ट्रॉलीला ओलांडताना दुसरी ट्रॉली विसरू नका. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि बाहेर आलेला ऊस मिळून ते एखाद्या लांब ट्रकएवढं होतं. मागची ट्रॉली खड्ड्यात झोल खाते, म्हणून बाजूला भरपूर जागा ठेवा. कारखान्याच्या फाट्यापाशी ट्रॅक्टर इंडिकेटर न देता वळतो, हेही गृहीत धरा.

ओव्हरटेक: पलूसचा दुपदरी रस्ता

महामार्गावर दुभाजक असतो, म्हणून ओव्हरटेकची चूक बऱ्याचदा निभावून जाते. दुपदरी रस्त्यावर निभावत नाही. तुम्ही ८० नं आणि समोरचा ८० नं असेल तर तुमच्यातलं अंतर दर सेकंदाला ४४ मीटरनं कमी होतं. ओव्हरटेक पुरा व्हायला आठ सेकंद धरले तर ३५० मीटरहून जास्त रस्ता पूर्ण मोकळा दिसायला हवा. म्हणजे वळणावर, चढाच्या माथ्यावर, पुलावर आणि फाट्यावर ओव्हरटेक नाहीच.

पुढच्या वाहनाला चिकटून राहिलं तर समोरचा रस्ता दिसत नाही. दोन-तीन सेकंद मागं रहा, म्हणजे थोडं उजवीकडं सरकताच लांबपर्यंत दिसतं. आरसा, खांद्यावरून नजर, इंडिकेटर, एक गिअर खाली, मग बाहेर पडा. ज्याला ओलांडलं तो आतल्या आरशात पूर्ण दिसल्यावरच डावीकडं या. पुढचा ट्रकवाला उजवा इंडिकेटर देऊन "जा" म्हणतोय असं वाटलं तरी त्यावर विसंबू नका. तो खरोखरच उजवीकडं वळणार असू शकतो. आणि पुढच्या गाडीमागून तिच्यासारखंच बाहेर पडायची सवय असेल तर ती आजच सोडा. तिला दिसलेला रस्ता तिच्यापुरता होता.

घाट

पसरणी, यवतेश्वर, कुंभार्ली, आंबेनळी. आपल्या जिल्ह्याला घाटांची वाण नाही. घाटात चढण्यापेक्षा उतरणं अवघड असतं.

उतार लागायच्या आधीच गिअर खाली घ्या. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं आणि ब्रेक थंड राहतात. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पुढच्या वळणावर पाय दाबूनही गाडी नीट धरत नाही. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात ओल शिरलेली असते, ते तापून उकळतं आणि पेडल एकदम पोकळ लागतं. म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलून घ्या. वास आला तर सुरक्षित जागा बघून अर्धा तास थांबा. चाकावर पाणी ओतू नका.

डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारे अजूनही भेटतात. गाडी बंद केली तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली काढली तर ते लॉकही होऊ शकतं. ऑटोमॅटिक गाडी असेल तर उतारासाठीचा खालचा गिअर कसा लावायचा ते घाटात जाण्याआधी शिकून घ्या.

अरुंद ठिकाणी समोरासमोर आल्यावर उतरणाऱ्यानं थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची असा नियमच आहे. चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा उचलणं कठीण असतं. आंधळ्या वळणाआधी दिवसा हॉर्न आणि रात्री अप्पर-डिपर द्या, आणि वळणात आपली बाजू सोडू नका. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात ब्रेक मारू नका.

खंबाटकीचा जुना बोगदा ओलांडून पुण्याकडं जाताना उतारावर जे एस आकाराचं वळण आहे, ते वर्षानुवर्षं अपघातांसाठी ओळखलं जातं. कारण साधं आहे. रुंद रस्ता आणि उतार यामुळं वेग किती वाढला ते कळतच नाही, आणि वळण अचानक समोर येतं. तिथं अंदाजावर जाऊ नका, काट्याकडं बघून वेग कमी करा.

पाऊस, धुकं आणि पुराचं पाणी

रस्ता सर्वात निसरडा असतो तो पहिल्या पावसात. महिनोन्‌महिने साठलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून त्यावर चिकट थर येतो. दोन-चार जोरदार सरींनी तो वाहून जातो. जोरात पाऊस असताना वेगानं गेलं की टायर पाणी बाजूला सारू शकत नाही आणि गाडी पाण्याच्या थरावर तरंगू लागते. स्टिअरिंग एकदम हलकं लागलं तर तेच झालंय. अशा वेळी ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळू उचला.

पाचगणी-महाबळेश्वरच्या धुक्यात अप्पर लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपर आणि फॉग लाइटच लावा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून जाऊ नका, मग तुम्ही थांबलाय की वळताय हे मागच्याला कळत नाही. काच आतून धुरकटली तर एसी लावून हवा काचेवर सोडा, हातानं पुसत बसू नका.

सांगलीकरांना पाण्याबद्दल मी काय सांगावं? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे तिथली लहान पोरंही सांगतात. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तरीही दर पावसाळ्यात ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालणारे दिसतात. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोट्या गाडीला ढकलतं, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. वरून दिसत नाही पण खालची फरशीही खचलेली असू शकते. माघारी फिरा, पाहुण्यांकडं राहा, काहीही करा. साचलेल्या पाण्यातून गाडी न्यावीच लागली तर बाहेर आल्यावर हळू वेगात दोन-चारदा हलका ब्रेक मारून ते सुकवा.

रात्र आणि झोप

डिपरचा उजेड साधारण ४० ते ५० मीटर पोचतो. वरचा हिशोब आठवा: ६० ला थांबायला ४५ मीटर लागतात. म्हणून डिपरवर असताना ६० च्या वर गेलात तर जे दिसेल त्याच्या आत तुम्हाला थांबता येणार नाही.

झोपेला मी दारूइतकाच घाबरतो. पहाटे दोन ते पाच, आणि जेवण झाल्यावर दुपारी दोन ते चार या वेळा वाईट. मागचे दोन किलोमीटर आठवत नाहीत, गाडी पट्टीवर जाते, जांभया थांबत नाहीत, ही खूण आहे. काच उघडणं, गाणी मोठी लावणं याचा उपयोग पाच मिनिटंच होतो. थांबा, एक कप कडक चहा-कॉफी घ्या आणि लगेच वीस मिनिटं झोपा. चहा अंगी लागेपर्यंत झोप होते. सुरक्षित ढाबा, पेट्रोल पंप बघा, महामार्गाच्या कडेला नको. लग्नाच्या वऱ्हाडात रात्रभर जागलेल्यानं पहाटे सगळ्यांना घेऊन निघायचं, ही आपल्याकडची पद्धत तर बंदच व्हायला हवी.

दारूबद्दल एका वाक्यात: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची हद्द आहे, पण गाडी चालवायची असेल तर थेंबही नको.

मोबाईलचं गणित तेवढंच सोपं. ८० च्या वेगात पाच सेकंद खाली बघितलं तर १११ मीटर डोळे मिटून गेलात. आमची आई पूर्वी निघाल्यापासून तीन फोन करायची, "कुठंपर्यंत आलास?" आता ठरलंय, कराडला चहाला थांबलो की मीच फोन करतो. तोवर फोन मागच्या सीटवरच्या पिशवीत. रस्ता दाखवणारा नकाशा निघण्याआधीच लावून ठेवा.

पायी चालणारी माणसं

ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटणवरून जाते, आणि त्या दिवसांत बाकीच्या रस्त्यांवरही पंढरीकडं निघालेल्या छोट्या दिंड्या असतात. पौषात मांढरदेवीची गर्दी, नवरात्रात अनवाणी चालणारे. पहाटेच्या अंधारात पांढऱ्या कपड्यांतली माणसंही उशिरा दिसतात. दिंडी दिसली की हॉर्न वाजवत रेटू नका. वेग तीसच्या खाली आणा, दोन हात जागा सोडा. एक वारकरी मागं राहिलेला असतो, तो पळत पुढच्यांना गाठायला रस्त्यावर येतो. महामार्गालगतच्या गावांत दुभाजकाच्या कटमधून दुचाकी आणि उलट्या दिशेनं येणारे रोज भेटतात. चूक त्यांची असली तरी पाय ब्रेकच्या जवळ तुमचाच हवा.

गाडी बंद पडली, किंवा अपघात झाला

टायर फुटला तर ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग घट्ट सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या, मग डावीकडं घ्या. एकदम थांबायची वेळ आली आणि गाडीला एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असेल तर ब्रेक पूर्ण दाबून धरा. पेडल थरथरेल, तरी सोडू नका, त्यात स्टिअरिंग वळवता येतं.

गाडी बंद पडल्यास चारही इंडिकेटर लावा, तिकोनी रिफ्लेक्टर निदान ५० मीटर मागं ठेवा, महामार्गावर त्याहून लांब. माणसांना गाडीत किंवा गाडीमागं उभं ठेवू नका, कठड्यापलीकडं न्या. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३, रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२.

दुसऱ्याचा अपघात दिसला तर थांबा. जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नं संरक्षण दिलंय. नाव सांगायची सक्ती करता येत नाही. आग लागली नसेल तर जखमीला ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. पाणी पाजू नका. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्तावर ठरावीक रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता होऊ शकतात. पैसे नाहीत म्हणून कुणी गाडीतच पडून राहू नये, हे नातेवाइकांना सांगा.

दारात पोचल्यावर

तासगावात आमच्या गल्लीत गाडी लावली की सगळ्यांचे हात दाराकडं जातात. उजवीकडं बसलेला चालक उजव्या हातानं दार ढकलतो, आणि मागून आलेला सायकलवरचा पोरगा त्यावर आपटतो. दार लांबच्या हातानं उघडा: उजवीकडं बसलेल्यानं डाव्या हातानं, डावीकडच्यानं उजव्या. तसं केलं की अंग आपोआप वळतं आणि नजर मागं जाते. पुतणीनं हे पहिल्यांदा केलं तेव्हा मागून दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल येत होती. तिनं दार बोटभर उघडून धरलं, ती गेल्यावर उतरली, आणि मग मागच्या दाराशी जाऊन आजीला सांगितलं, "आता उतर."